बारा हजार फुटांचा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला सहा वेळा आला. सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, एका गिऱ्हाइकाकडून, एका गिऱ्हाइकाच्या मुलाकडून, आणि शेवटी मेव्हण्याकडून. मेव्हण्याने खाली लिहिलं होतं, ‘दाजी, तुमच्या धंद्याचं आहे, पुढं पाठवा.’

मजकूर थोडक्यात असा. संभाजीनगरचा रनवे फक्त ९,३०० फूट, म्हणून मोठी विमानं येत नाहीत. १९९३ चा अपघातही त्याच आखूड रनवेमुळे झाला. १२,००० फूट झाला की दुसऱ्या महिन्यात दुबई, बँकॉक, सिंगापूर सुरू. इथली हजारो माणसं मुंबईवरून आखातात जातात, त्यांची सोय. केंद्राच्या उडान या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेत तिकीट अडीच हजार. मोसंबी आणि केशर आंबा थेट आखातात. हे सगळं मुंबई-पुण्याच्या लॉबीने अडवलंय. मराठवाड्याचे असाल तर दहा ग्रुपवर टाका.

मी मराठवाड्याचा आहे आणि दहा ग्रुपवर टाकलेलं नाही. जालना रोडवर सतरा वर्षं तिकिटं काढून देतोय. विमान कसं उडतं ते मला पायलटइतकं कळत नाही, पण कोण कधी उडतं आणि कितीला उडतं, ते रोज कळतं. तेवढ्या भांडवलावर हे उत्तर.

रनवेपासून सुरू करू. ९,३०० फूट हा आकडा बरोबर आहे. मीटरमध्ये २,८३५. आता पुण्याचा रनवे बघा, २,५३५ मीटर. आपल्यापेक्षा तीनशे मीटर आखूड. त्या रनवेवरून दुबईला विमान गेलेलं आहे, बँकॉकला गेलेलं आहे. २००८ साली तर लुफ्तान्साने तिथून थेट फ्रँकफर्टची सेवा सुरू केली होती, छोटं विमान आणि सगळ्या सीटा बिझनेस क्लासच्या. मंगळूरचा रनवे २,४५० मीटर, तोही टेकडी कापून केलेला, आणि तिथून आखाती विमानं नेहमी उडतात. आपल्या शेजारची शिर्डी २,५०० मीटर. रनवेच्या लांबीवर विमानं येत असती, तर शिर्डीच्या आधी आपल्याकडे रांग लागली असती.

इथे ग्रुपवरचे एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, ‘आपल्याकडचा उन्हाळा बघा ना.’ मुद्दा खोटा नाही. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. मग एक तर रनवे जास्त लागतो, नाही तर वजन कमी करावं लागतं. समुद्रसपाटीपासूनची उंचीही तेच करते. आपला चिकलठाणा विमानतळ ५८२ मीटर उंचीवर आहे. पण पुण्याचं लोहगाव ५९२ मीटरवर आहे. मे महिन्यात आपला पारा पुण्यापेक्षा दोन-चार अंशांनी वर असतो, हे मान्य. पण आखातात जाणारं विमान भर दुपारीच सोडा असं कुणी सांगितलंय? ही विमानं बहुतेक रात्री, पहाटे सुटतात.

आणि अंतर? इथून दुबई सुमारे २,१०० किलोमीटर, म्हणजे दिल्लीच्या दुपटीहून थोडं जास्त. एअरबस ए३२० ला ते किरकोळ आहे. हा विमानतळ अनेक वर्षं हज यात्रेचं प्रस्थान केंद्र राहिला आहे. जेद्दा इथून ३,७०० किलोमीटरच्या आसपास. हाजींना निरोप द्यायला टर्मिनलबाहेर जी गर्दी होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तरी ‘आपल्या रनवेवरून परदेशी विमान उडू शकत नाही’ हे पुढे पाठवू नये.

मग बारा हजार फूट लागतात कुणाला? बोइंग ७७७ सारखं अवाढव्य विमान, टाक्या काठोकाठ भरून, युरोप-अमेरिकेला थेट निघालं तर. बारा हजार फूट म्हणजे ३,६५८ मीटर. मुंबईचा मुख्य रनवे साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. त्याहून लांब रनवे इथे करून त्यावर कोण उतरणार, एवढं फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

अपघाताच्या मुद्द्यावर मात्र मला राग आला, कारण पंचावन्न माणसं गेली होती. २६ एप्रिल १९९३, दुपारची वेळ. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान, बोइंग ७३७. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत इथे आलं होतं आणि मुंबईला निघालं होतं. आत ११८ जण. रनवेच्या अगदी शेवटाला विमानाने जमीन सोडली आणि पलीकडच्या बीड रोडवरून चाललेल्या ट्रकला धडकलं. ट्रकवर दाबलेल्या कापसाच्या गाठी होत्या. रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर विमानाचं डावं चाक आणि इंजिनाची खालची बाजू त्या गाठींवर आदळली. तसंच पुढे जाऊन ते विजेच्या उच्च दाबाच्या तारांवर गेलं आणि शेतात कोसळलं. एप्रिलमध्ये गाठी भरलेला ट्रक बीड रोडवर असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. आमच्या घरात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता.

चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलायची पद्धतही चुकली. दुसरं, उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक थांबवायची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही. रनवेची लांबी या दोन्हींत नाही. शिवाय तो रनवे आजचा नव्हेच. आजच्यापेक्षा खूपच आखूड होता, नंतर वाढवला. ‘त्याच आखूड रनवेमुळे’ म्हणताना निदान ‘त्याच’ तरी काढा.

त्या अपघाताकडून घ्यायचंच असेल तर रनवेच्या टोकापलीकडे काय आहे हे बघायला घ्या. टोकापुढे २४० मीटर मोकळी, सपाट जागा ठेवायची शिफारस आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, चुकून विमान पुढे गेलं तर सावरावं म्हणून. रनवे वाढवला की ती जागाही पुढे सरकते. पुढे म्हणजे वस्तीत. मुकुंदवाडी, चिकलठाणा, मूर्तिजापूर. विस्ताराचा मूळ प्रस्ताव १८२ एकरांचा होता, नंतर तो कमी झाला. फॉरवर्डमध्ये या जागेबद्दल एक शब्द नाही, जणू रनवे हवेत वाढणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं तिकडे गुंठेवारीतलं घर आहे. मुलीच्या लग्नासाठी वरचा मजला चढवायचा की नाही, हे त्याचं कित्येक वर्षं ठरत नाही. मोजणीवाले आले की गल्लीतली सगळी बांधकामं थांबतात, ते गेले की पुन्हा वाळूचे ढीग पडतात.

विस्तारच नको, असं मी म्हणत नाही. त्या प्रस्तावात समांतर टॅक्सी ट्रॅक आहे, म्हणजे विमानाला रनवेच्या बाजूने ये-जा करायचा रस्ता, आणि तो खरंच कामाचा आहे. आज उतरलेल्या विमानाला रनवेवरच वळून मागे यावं लागतं. तेवढा वेळ दुसऱ्याला ना उतरता येतं, ना उडता येतं. सकाळी-संध्याकाळी तीन विमानं एकदम आली की हे जाणवतं. ते कारण सांगून विस्तार मागा, मी पहिली सही करतो.

आता दुबई. ‘इथली हजारो माणसं मुंबईवरून आखातात जातात’ हे खरं आहे, त्यातली बरीच माझ्याकडूनच जातात. मक्केला उमरा यात्रेला जाणारे ग्रुप, तिकडे नोकरीला असलेली पोरं, सुट्टीत लेकीकडे जाणारे आईबाप. पण हिशेब मांडू. १८० सीटांचं विमान रोज एक फेरी, आणि ऐंशी टक्के भरलेलं. जाताना १४४ माणसं, येताना १४४. वर्षाचे एक लाख पाच हजार प्रवासी, फक्त एका शहरासाठी. सुट्टीत आणि रमजानमध्ये ते भरेल. जुलैतल्या मंगळवारी? माझी वही जुलैत रिकामी असते.

त्यातही पैसे कोण देतो हा प्रश्न आहेच. आमचा आखातात जाणारा माणूस देवगिरी एक्स्प्रेसने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठतो, कारण चार जणांच्या घरात त्याने काही हजार वाचतात. इथून थेट विमान दोन हजारांनी महाग निघालं की तो पुन्हा देवगिरीतच बसणार. मी त्याला दोष देत नाही, मीही तेच करतो. आणि परदेशी कंपनीला वाटलं म्हणून ती कुठेही उतरू शकत नाही. दोन देशांच्या करारात आठवड्याला किती सीटा आणि कोणती शहरं, हे ठरलेलं असतं. दुबईच्या बाबतीत त्या सीटांवरून दोन्ही बाजूंची ओढाताण जुनी आहे. रनवेला डांबर टाकून करार बदलत नाहीत.

अडीच हजारांचं तिकीट हा तर निव्वळ गैरसमज. २०१६ च्या उडान योजनेत साधारण तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या देशांतर्गत प्रवासाला ती मर्यादा होती, तीही विमानातल्या साधारण निम्म्याच सीटांना. तोटा भरून काढायला अनुदान मिळतं ते तीन वर्षं. पुढे कंपनीने आपलं आपण बघायचं. याचा अनुभव मराठवाड्याला पहिल्या दिवसापासून आहे. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून उडानची पहिली विमानं सुरू केली, त्यात हैदराबाद–नांदेड होतं. नांदेडचा विमानतळ २००८ च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या वेळी नव्याने केलेला, रनवे चांगला २,३०० मीटर. ट्रूजेट कंपनीचं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, तिथून उडालं, लोकांनी पेढे वाटले. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेट बंद पडली. रनवे जागेवरच होता. २०२४ मध्ये स्टार एअर आली तेव्हा त्याच रनवेवर पुन्हा विमान उतरलं.

मोसंबीचं एका वाक्यात सांगतो: जालन्याची मोसंबी काय, मराठवाड्याचा केशर काय, आखाताकडे माल स्वस्तात जातो तो गारेगार कंटेनरमधून न्हावाशेव्यावरून, विमानाच्या पोटातून गेला तर किलोमागे आंब्याच्या किमतीइतकंच भाडं पडेल.

राहिली लॉबी. लॉबी म्हटलं की लिहिणाऱ्याचं काम संपतं आणि वाचणाऱ्याचं रक्त तापतं. खरी अडचण मुंबईत आहे, पण ती कुणी कट करून घातलेली नाही. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाचा एकच. तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं उतरतात-उडतात, त्यापलीकडे जागा नाही. या प्रत्येक वेळेला स्लॉट म्हणतात. आता विमान कंपनीच्या जागी बसा. सकाळी आठचा एक स्लॉट हातात आहे. त्यात संभाजीनगरचं ७८ सीटांचं एटीआर उतरवायचं, की दिल्लीचं दोनशेहून जास्त सीटांचं ए३२१? दोघांनाही स्लॉट एकच लागतो.

याची झळ कशी बसते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने हिवाळ्याचं वेळापत्रक बदलताना मुंबईचं सकाळचं विमान दुपारवर नेलं. पहाटे पाचला फोन वाजला. वाळूजच्या एका कारखान्याचे खरेदी विभागाचे साहेब, सकाळी दहाला अंधेरीत मीटिंग. ‘अहो, मला मेसेज आलाय, एक वाजताचं झालंय म्हणे. मी एक वाजता मुंबईत जाऊन काय जेवू?’ त्यांनी गाडी काढली. त्या महिन्यात त्यांच्या कारखान्याची माझ्याकडची मुंबईची तिकिटं निम्म्यावर आली, पुढच्या महिन्यात त्याहून कमी. मग विमान कंपनी म्हणाली, या मार्गाला मागणी नाही. नसणारच ना! सकाळी जाऊन काम उरकून रात्री घरी यायचं असतं, त्याच माणसाच्या तिकिटावर हा मार्ग चालतो. आता तर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, नांदेडहून येणारी वंदे भारत आहे. वेळ चुकलेल्या विमानाची वाट कोण बघतं?

त्यामुळे मला विचाराल तर मागायचं ते हे: मुंबई, दिल्ली आणि हैदराबादला सकाळचं जाणं, संध्याकाळचं येणं, आणि संध्याकाळच्या मुंबई विमानाची वेळ अशी की रात्रीचं आखाती विमान धावपळ न करता गाठता येईल, बॅग इथेच द्यायची ती थेट दुबईला घ्यायची. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तिथे स्लॉटची एवढी मारामार नाही. ऑरिक या औद्योगिक शहरातल्या उद्योजकांनी, शेंद्रा-वाळूजच्या संघटनांनी, आणि हो, आम्ही तिकीटवाल्यांनीही, वर्षाला इतक्या सीटा आम्ही घेतो असं लिहून घेऊन कंपनीच्या दारात जावं. बारा हजार फुटांचं निवेदन देणं सोपं असतं, फोटो येतो. सीटांची हमी देताना खिशात हात घालावा लागतो.

हे सगळं मी त्या ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी टाकलं. दोन अंगठे आले. एकाने ‘नकारात्मक मानसिकता’ लिहिलं. मेव्हण्याचा फोन आला, ‘दाजी, तुम्ही मराठवाड्याच्या विरोधात आहात का?’ मी म्हटलं, ‘तुझ्या बहिणीला विचार.’ हसला. मग म्हणाला, परवा सकाळी मुंबईत कोर्टाचं काम आहे, विमानाचं बघता का. मी बघितलं, भाडं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

‘देवगिरीचं बघा,’ तो म्हणाला. थ्री एसी, वेटिंग अकरा.