अक्षय कुमारचं नाव, सिंडिकेट बँकेचं खातं आणि रोजचा एक रुपया

सोलापुरात सोसायटीचा, दहावीच्या बॅचचा, भजनी मंडळाचा किंवा यंत्रमागवाल्यांचा, कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, हा मेसेज सापडतोच. मजकूर थोडक्यात असा: अभिनेता अक्षय कुमारच्या सूचनेवरून केंद्रीय मंत्रिमंडळानं लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी आणि जखमी-शहीद जवानांसाठी दिल्लीत सिंडिकेट बँकेत खातं उघडलं आहे. रोज फक्त एक रुपया टाका. १३० कोटींपैकी ७० टक्के लोकांनी टाकला तर दिवसाला १०० कोटी, वर्षाला ३६ हजार कोटी जमतील, म्हणजे पाकिस्तानच्या वर्षाच्या संरक्षण खर्चापेक्षा जास्त. खाली खाते क्रमांक आणि शेवटी 'खरे देशभक्त असाल तर पुढे पाठवा'.

२०१६ पासून हे फिरतंय. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि ते पुन्हा उसळलं. 'जाऊ द्या, चांगल्या कामासाठीच आहे की' असं म्हणणारे भेटतात, म्हणून मुद्द्यांना उत्तर देतो. क्रम मेसेजचा नाही, माझा आहे. आधी पैशाचं बोलू.

'सिंडिकेट बँकेत खातं आहे.' सिंडिकेट बँकच आता नाही. १ एप्रिल २०२० ला ती कॅनरा बँकेत विलीन झाली. पहलगामनंतर मेसेजचा पूर आला तेव्हा संरक्षण मंत्रालयानंच खुलासा केला की मेसेज दिशाभूल करणारा आहे, त्यातला खात्याचा तपशील चुकीचा आहे आणि त्यामुळे लोकांनी ऑनलाइन पाठवलेले पैसे जमाच होत नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात पगाराच्या दिवशी डबा फिरवून कुणी भाबडेपणानं पैसे गोळा केले, तर ते जवानाच्या घरी पोचायचे नाहीत. व्यवहार फसला तर निदान पैसे परत येतात. मला धास्ती आहे ती वेगळीच. हजार हातांतून आलेल्या मेसेजमधले आकडे मध्येच कुणी बदलले तर कुणाला कळणार? फॉरवर्ड झालेल्या खाते क्रमांकावर पैसे टाकायचे नाहीत, मग कारण कितीही पवित्र असो.

'लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी.' हे धादांत खोटं, आणि माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनला हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले, तेव्हा देशभरातून लोक 'आम्हाला मदत करायची आहे' म्हणू लागले. लष्करानं खातं दिलं ते त्यासाठी. हा निधी युद्धात किंवा लष्करी कारवाईत प्राण गमावलेल्यांच्या कुटुंबांना आणि गंभीर जखमींना तातडीची मदत देण्यासाठी आहे. आज त्याचं रूप 'आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड' असं आहे आणि तो तिन्ही दलांसाठी आहे. त्यातून बंदूक घेतली जात नाही, रणगाडा तर दूरच. शस्त्रखरेदी अर्थसंकल्पातून होते, संसदेच्या मंजुरीनं. विधवेच्या वाट्याचा पैसा तोफेसाठी आहे असं सांगून मागायचा, हे मला तरी पटत नाही.

आता तो प्रसिद्ध हिशोब. १३० कोटींचे ७० टक्के म्हणजे ९१ कोटी. मेसेजवाल्यानं तिथंच नऊ कोटी वाढवून घेतले. ९१ कोटी गुणिले ३६५ म्हणजे सुमारे ३३ हजार २०० कोटी. भारताचा २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा आहे. म्हणजे हे ९१ कोटी लोक वर्षभर न चुकता रुपया टाकत राहिले, पाळण्यातलं बाळही त्यात धरलं, तरी जमणार तो जेमतेम १८ दिवसांचा खर्च. २०१६ चा ३६ राफेल विमानांचा करार सुमारे ५९ हजार कोटींचा होता, तोही यात बसत नाही. पाकिस्तानचं म्हणाल तर त्यांची २०२५-२६ ची संरक्षण तरतूद २,५५० अब्ज पाकिस्तानी रुपये आहे. आपल्या पैशात ती ७० हजार कोटींच्या वर जाते. शेजाऱ्याला हरवायचं तर निदान बेरीज-गुणाकार तरी धड हवा.

'अक्षय कुमारच्या सूचनेवरून.' इथं अर्धं खरं आहे. मेसेज दहा वर्षं तगला तो या अर्ध्या खऱ्यामुळे. अक्षय कुमारनं सूचना केली होती, पण ती लष्कराच्या निधीची नव्हती. २०१७ च्या सुरुवातीला त्यानं केंद्र सरकारपुढे कल्पना मांडली: कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानाच्या घरच्यांना सामान्य माणसानं थेट मदत करावी, मध्ये कुणी नको. त्यातून गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' हे संकेतस्थळ उभं राहिलं. ९ एप्रिल २०१७ ला तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते ते सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली होती. ९ एप्रिल हा सीआरपीएफचा शौर्य दिन. १९६५ मध्ये याच दिवशी कच्छच्या रणात सरदार पोस्टवर त्यांच्या छोट्या तुकडीनं पाकिस्तानी ब्रिगेडला थोपवलं होतं.

'भारत के वीर' आहे ते केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी: सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी वगैरे. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, संरक्षण मंत्रालयाखाली नाही. आपल्याकडे वर्दी दिसली की सगळे 'मिलिट्रीवाले', पण पेन्शनला फरक पडतो. २००४ पासून भरती झालेल्या सीआरपीएफ जवानाला लष्करातल्या सैनिकासारखी जुनी पेन्शन नाही. तेव्हा मदत या कुटुंबांकडे वळवली हे मला बरोबर वाटतं.

योजनेतली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एका जवानाच्या नावावर १५ लाख जमले की ते नाव यादीतून बाजूला होतं, म्हणजे पुढचा पैसा दुसऱ्या घराकडे जातो. टीव्हीवर ज्याचं नाव गाजलं त्याच्याकडेच ढीग आणि दूरच्या जंगलात सुरुंगस्फोटात गेलेल्याकडे कुणी बघायला तयार नाही, हे टाळायची ही युक्ती. जास्त द्यायचे असतील तर सामाईक निधी आहे.

लष्कराच्या निधीशी अभिनेत्याचं नाव जोडायचंच असेल तर ते अमिताभ बच्चनचं जोडा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या निधीसाठी 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ सुरू झालं, त्याचा सदिच्छादूत तो आहे. पण मेसेजला अक्षयच हवा, आणि ते समजण्यासारखं आहे. १९९१ ला आलेला हा नट, १९९३ मध्येच 'सैनिक'मध्ये वर्दी घालून उभा होता. पुढे 'हॉलिडे', मग 'रुस्तम'मधला नौदल अधिकारी, २०१९ ला 'केसरी'मध्ये सारागढीच्या लढाईतला हवालदार ईशर सिंह. वडीलही काही काळ लष्करात होते. पडद्यावरची वर्दी इतकी अंगावर बसली की लोकांनी त्याला परस्पर संरक्षण खात्याचा सल्लागार करून टाकलं.

मेसेज खोटा निघाला की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: 'सगळी पब्लिसिटी बे, तो तर कॅनडाचा.' हेही तपासून बोलावं. मार्च २०१७ मध्ये छत्तीसगडमधल्या सुकमात सीआरपीएफचे १२ जवान मारले गेले, तेव्हा त्यानं प्रत्येक कुटुंबाला ९ लाख, एकूण १ कोटी ८ लाख दिले. कॅनडाचं नागरिकत्व होतं, खरं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तो पुन्हा भारतीय नागरिक झाला. देशभक्तीच्या चित्रपटांवर त्यानं भरपूर कमावलंही. या गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

राहिला प्रश्न, सोलापुरात बसून द्यायचं कुठं? वरच्या दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर स्वतः जाऊन द्या, लिंकवरून नको. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. १९४९ पासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि तो माजी सैनिकांसाठीही वापरला जातो. त्यांचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. थोडी वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय घरी आलेले हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे वृद्ध सैनिक, त्यांच्या विधवा, यांना ६५ व्या वर्षानंतर केंद्राकडून दरमहा मदत मिळते. ती ४ हजार होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८ हजार झाली. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि अनेक म्हाताऱ्यांना तो जमत नाही. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडे कुणी माहितीतलं असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक घेऊन बसा आणि तेवढा अर्ज भरून द्या.