कोणाचो रे तूं? डार्क वेबवर निनावी व्हायची सोपी रीत

तुम्हाला डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या त्या लपलेल्या कोपऱ्यात, जायचंय ना, मग जा की, कोण अडवतंय. घरच्यांनी विचारलं तर सांगा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. माझ्या भाच्याने तेच सांगितलं होतं. राहतो गोव्यात म्हापशाजवळ, म्हणजे हेल्मेट घालून दुकानात शिरलं तरी दुकानदार "बाबांचा गुडघा कसा आहे?" विचारतो अशा ठिकाणी, आणि ह्या पठ्ठ्याला निनावी व्हायचं होतं.

सगळ्यात आधी नाव. निनावी माणसाला एक झकास नाव लागतंच, नाहीतर तुम्ही निनावी आहात हे लोकांना कळणार कसं? भाच्याने घेतलं 'सायबरभूत४०३५०७'. मी म्हटलं अरे हा तर म्हापशाचा पिनकोड, तर म्हणतो मामा, नुसतं सायबरभूत कोणीतरी आधीच घेतलेलं होतं. हसू नका. अल्फाबे म्हणून डार्क वेबवर तेव्हाचा सगळ्यात मोठा बाजार होता, तो चालवायचा अलेक्झांडर काझेस, कॅनडाचा माणूस, बँकॉकला बंगला, लॅम्बोर्गिनी वगैरे. तर सुरुवातीला नव्या मेंबरांना जो वेलकमचा ईमेल जायचा त्यात ह्याने स्वतःचाच हॉटमेलचा पत्ता राहू दिला होता आणि त्या पत्त्यात नाव अ‍ॅलेक्स आणि जन्मसाल ९१. २०१७ च्या जुलैत पोलिसांनी मुद्दाम त्याच्या फाटकावर गाडी ठोकली, हा कोण मेला ते बघायला बाहेर आला, आत लॅपटॉप उघडा, लॉगिन चालू. म्हणजे आमचं भूत अगदी जागतिक दर्जाचं आहे.

थोडं तंत्र पण कळायला हवं, चार लोकांत बोलता आलं पाहिजे. टॉर म्हणजे डार्क वेबवर नेणारं सॉफ्टवेअर, थरावर थर, म्हणून कांदा. अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ही कल्पना निघाली, म्हणजे सरकारपासून लपायची सोय सरकारनेच करून दिली. तुमचा निरोप तीन कॉम्प्युटरांमधून फिरत जातो, प्रत्येकाला फक्त मागचा आणि पुढचा माहीत, अख्खी वाट कोणालाच माहीत नाही. तिकडे हे चालतं हो. आपल्याकडे समजा फोंड्याहून एक चिठ्ठी डिचोलीमार्गे पेडण्याला पाठवली, तर डिचोलीचा माणूस ती हातात घ्यायच्या आधी विचारणार, "कोणाचो रे तूं?" मग आजोबांचं नाव, मग वाडा, मग कुलदेव, मग निघणार की त्याची मावशी तुमच्याच वाड्यावर दिलेली आहे, आणि चिठ्ठी पेडण्याला पोचायच्या आत पेडण्याला सगळं कळलेलं. (बाकी त्याच कांद्याच्या वाटेवर २०१९ पासून बीबीसी पण भेटते, पण बातम्या वाचायला एवढा काळोख करून कोण बसतो?)

आत गेलात की गप्प बसू नका, भरपूर बोला. सिल्क रोड ह्या डार्क वेबवरच्याच बाजाराचा मालक रॉस उलब्रिक्ट बघा. २०११ साली त्याने एका टोपणनावाने आपल्याच बाजाराची जाहिरात केली आणि काही महिन्यांनी त्याच टोपणनावाने "कामाला माणूस पाहिजे" म्हणून लिहिताना संपर्काला दिला स्वतःच्या नावाचा जीमेल. हे शोधलं कोणी, तर तिकडच्या इन्कम टॅक्सवाल्याने, गुगल करून! शिवाय हा माणूस सगळ्या धंद्याची रोजनिशी लॅपटॉपवर लिहून ठेवायचा, तुम्हीही लिहा, पुढे कोर्टाला वाचायला बरी पडते. २०१३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या लायब्ररीत बसला होता, तेवढ्यात मागे दोघं खोटं खोटं भांडायला लागली, ह्याने मान वळवली आणि लॅपटॉप गेला. आता सांगा, मागे भांडण लागलंय आणि मान वळवत नाही असा गोंयकार तुम्ही बघितलाय?

आणि विश्वास ठेवायचा तर ठेवा पूर्ण. अल्फाबे बंद पडल्यावर लोक धावत धावत हान्सा नावाच्या दुसऱ्या बाजारात गेले, तर तो बाजार आधीच डच पोलिसांनी गुपचूप ताब्यात घेतलेला होता आणि जवळजवळ महिनाभर तेच चालवत होते, गिऱ्हाइकांच्या तक्रारी मिटवायला सुद्धा तेच. आपल्याकडे साधी तक्रार नोंदवायला गेलं की तीन टेबलं फिरावी लागतात, तिकडे चोरांना बघा काय सर्व्हिस! जाताना मात्र परदेशातल्या गिऱ्हाइकांचे दहाएक हजार पत्ते युरोपोलला, म्हणजे युरोपच्या पोलीस संघटनेला दिले.

पैसे बिटकॉइनमध्ये द्या, कारण त्याच्या सगळ्या व्यवहारांची वही जगातल्या कोणालाही उघडून वाचता येते. सिल्क रोडमधूनच एकाने २०१२ साली पन्नास हजारावर बिटकॉइन ढापले, नऊ वर्षं काही झालं नाही, आणि मग बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नच्या डब्यातून निघाले. वहीत नोंद तशीच होती, फक्त वाचणारा उशिरा आला.

माल मागवायचं डोक्यात असेल तर तोही मागवा. एलएसडी ह्या नशेच्या पदार्थाची 'व्यापारी मात्रा' आपल्या कायद्यात ०.१ ग्रॅम, तेवढी सापडली की शिक्षा कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी. ती येते कागदात जिरवून, नखाएवढा तुकडा, त्याला काय वजन? असं वाटतं खरं, पण मुंबई हायकोर्टाने २०२२ मध्ये सांगून टाकलंय की कागदाचंही वजन धरायचं, आणि पर्वरीला बसतं ते त्याच हायकोर्टाचं खंडपीठ. एक बारीक अडचण आहे, स्पीड पोस्ट कांद्यातून येत नाही. त्याला नाव लागतं, घर नंबर लागतो, 'देवळाच्या मागे, तळीकडे' लागतं, वर फोन नंबर, कारण पोस्टमन तळीकडे येऊन फोन करतो.

भाच्याची मजल तिथवर गेली नाही, देवाची कृपा. त्याने इन्स्टाग्राम हॅक करून देणाऱ्या कोणा उस्तादाला चवथीला साठवलेले पाच हजार पाठवले, उस्ताद गायब. तक्रार कुठे करणार? काय म्हणून करणार? गप्प बसला, फक्त एका मित्राला कदंबा बसमध्ये सांगितलं, अगदी हळू आवाजात. मला सांगितलं, मी ताईला सोडून कोणाकोणाला म्हणून सांगितलं नाही.

परवा सकाळी त्यांच्याकडेच होतो. पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत आला, सायकल टेकवली आणि खिडकीकडे बघून ओरडला, "ए सायबरभूता, आज कितले उंडे?"