बॅज घालतो का तो?

शनिपारापाशी काल चहा तसाच गार झाला. अव्याच्या बहिणीला स्थळ आलंय. मुलगा सगळ्यांना पसंत, पण एक्स-रे टेक्निशियन. आत्यानं तिथंच खोडा घातला : "उद्या मुलं कशी होतील?"

मंदार आत्याच्या बाजूनं. "म्युलर नावाच्या शास्त्रज्ञानं 1927 साली फळमाश्यांवर एक्स-रे सोडून दाखवलंच की. पुढच्या पिढीत म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, उतरले. 1946 चं नोबेल मिळालं त्याला."

"अरे, पण डोस केवढा होता तो!" सुन्या उसळला. तो बायोलॉजी शिकवतो, मग थांबतो कुठला. किरण पेशीतल्या पाण्यावर आदळला की रॅडिकल्स, म्हणजे कशालाही झोंबणारे रेणूंचे तुकडे, सुटतात, ते डीएनएला चावतात. कधी किरण थेट डीएनएवरच बसतो. डीएनएच्या दोन पदरांपैकी एक तुटला तर समोरचा बघून पेशी तो सांधते. दोन्ही पदर जवळजवळ तुटले की कधीकधी टोकाला टोक कसंबसं जोडलं जातं आणि अधली अक्षरं गळतात. म्युटेशन ते हेच. "पण हाताच्या पेशीत झालं तर ते त्याच्यापाशीच राहतं. मुलांत उतरायला बीजपेशीतच, म्हणजे शुक्राणू किंवा अंड्यातच, व्हावं लागतं."

"आणि तिथं होणार नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी हिरोशिमा-नागासाकीचं सांगितलं. वाचलेल्यांत ल्युकेमिया वाढला, गर्भात असताना किरण लागलेल्या काही मुलांच्या मेंदूची वाढ खुंटली. पण बॉम्बनंतर दिवस राहून झालेली मुलं वेगळी. 1948 ते 1954 मध्ये 70,000 हून जास्त नवजात बाळं तपासली, जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरी तिथल्या कितीतरी मुलामुलींची लग्नं याच भीतीनं अडली. आत्याचं बोलणं ऐकल्यापासून मला तेच आठवतंय, आणि रागही येतोय.

"हा मुलगा तर शिशाच्या आडोशाला उभा राहतो," सुन्या म्हणाला. आपल्याकडं अशा कामाला मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट; अंगाला बसलेला डोस याच एककात मोजतात. निसर्गातूनच जगात माणशी सरासरी 2.4 मिळतात. छातीवरचा टीएलडी बॅज ठरावीक काळानं तपासायला जातो, किती डोस बसला ते त्यात कळतं.

"बॅज रोज घालतो का पण तो? का खुंटीला असतो?" मंदार.

सुन्या गप्प झाला. आकडे खरे धरायचे तर बॅज अंगावर हवाच.

"रविवारी येतायत ते," अव्या म्हणाला. "विचारतो. आत्यासमोरच विचारतो."