बिनसाखरेच्या देशात नाना

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, सगळी नोकरी सांगलीत एसटीचे वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. गाडी उशिरा सुटलेली त्यांनी पाहिली आहे, चार वाजताचा चहा उशिरा आलेला पाहिलेला नाही. त्यामुळे होळी झाली की ते टोकियोला आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा हिने मला एकच गोष्ट बजावली. "फुजी दाखव नाहीतर दाखवू नकोस, नानांचा चारचा चहा चुकवू नकोस."

घरात पंचाईत नव्हतीच. आम्ही निशी-कासाईत राहतो. एडोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय इतके, की आलं, वेलदोडे, दाणेदार चहा पावडर सगळं कोपऱ्यावर मिळतं. पंचाईत दाराबाहेरची. आणि नाना काही दारं लावून टीव्ही बघायला जपानला आलेले नव्हते.

उएनोच्या बागेत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला गेलो होतो. वारा बोचरा होता. चारला पाच कमी असताना नानांनी झाडावरून नजर काढून मनगटावर आणली. मी निर्धास्त. जपानात पेयं विकणारी मशीन 20 लाखांच्या आसपास आहेत. गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या आवारात, भातशेतीच्या कडेला. एखाद्या खेड्यात माणूस दिसणार नाही, पण मशीन दिवा लावून उभं असेल. निळी पट्टी म्हणजे थंड, लाल पट्टी म्हणजे गरम. गरम म्हणजे चांगलं गरम, 55 अंशांच्या आसपास. थंडीत लोक डबा आधी तळहातात धरून बसतात, उघडतात नंतर.

नानांनी चष्मा कपाळावर नेऊन सगळी रांग तपासली. "यातला चहा कुठला?"

"बराचसा चहाच आहे, नाना."

हे मी अभिमानाने सांगितलं. सेन्चा, म्हणजे रोजचा हिरवा चहा, आहे, होजिचा आहे, गेन्माइचा आहे, ऊलाँग आहे. नानांनी विचारलं, "साखर कशात आहे?"

"यातल्या कशातच नाही."

"म्हणजे वेगळी देतात."

"देतच नाहीत."

नाना मशीनकडे बघत राहिले. वेळापत्रकात नसलेली गाडी फलाटावर उभी दिसली तर नियंत्रक असाच बघत असेल.

सेन्चाची गरम बाटली घेतली. साधारण नव्वद रुपये पडले, हे त्यांनी विचारल्यामुळे सांगावं लागलं. त्यांनी मनात हिशेब केला आणि तो नऊ कटिंगवर येऊन थांबला. मग एक घोट घेतला. "याला उकळी दिलेली नाही," ते म्हणाले.

आता यात त्यांचं चुकलं होतं असं म्हणता येत नाही. मी समजावलं, की पानं खुडल्याबरोबर वाफेवर काढतात म्हणून ती हिरवी राहतात, आणि घरी सेन्चा करतात तोही 70-80 अंशांच्या पाण्यात. त्याहून भारी ग्योकुरो. त्याची झुडपं खुडणीआधी तीनेक आठवडे सावलीत झाकून ठेवतात आणि त्याला 50-60 अंश पुरतात. उकळतं पाणी घातलं तर कडू होतो.

"पन्नास अंश," नाना म्हणाले. "तेवढं पाणी गच्चीवरचा सोलर देतो."

मी बोलायचा थांबलो नाही, हा माझा स्वभाव. सांगितलं, की डब्यातला हिरवा चहा 1985 साली इतो एन कंपनीने प्रथम बाजारात आणला, तेव्हा घरी फुकट मिळणारी गोष्ट विकत कोण घेणार अशी लोकांना शंका होती.

"शंका बरोबर होती," नाना म्हणाले आणि बाटली मला दिली.

त्यानंतर चार वाजले की आमची शोधमोहीम निघायची. गेन्माइचात भाजलेले तांदूळ असतात हे कळल्यावर नानांनी तो लांबूनच परत केला. होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा, रंगाने तरी चहासारखा होता, पण रंगावर भागत नाही. मुगीचा हा भाजलेल्या सातूचा काढा. त्यात कॅफीन नसतं, म्हणून पोरंटोरंही पितात आणि उन्हाळ्यात घरोघरी फ्रीजमध्ये त्याचा जग भरून ठेवलेला असतो. नानांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि गंभीर झाले. "बार्लीचं पाणी आहे हे. मला उन्हाळी लागलेली नाही."

कोम्बुचाने तर कडेलोट केला. अमेरिकेतला आंबवलेला फसफसता प्रकार वेगळा. हा जपानी कोम्बुचा म्हणजे समुद्रातल्या कोम्बु शेवाळाची पूड गरम पाण्यात कालवलेली. आसाकुसात एका दुकानाने चवीला छोटा पेला पुढे केला. याच कोम्बुच्या सारावरून 1908 साली किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी उमामी चव शोधून काढली, जगाला पाचवी चव मिळाली, वगैरे मी सांगत होतो. नानांच्या तोंडात त्या वेळी पाचवी नव्हे, पहिलीच चव होती. "मीठ," ते म्हणाले. "साखर मागितली तर मीठ देतात."

दूध-साखरेचा चहा मिळतच नाही असं नाही. बाटलीत मिल्क टी असतो, गरम आणि बऱ्यापैकी गोड. मोठ्या आशेने दिला. आलं नाही, वेलदोडा नाही, आणि घोट गेल्यावर तोंडून 'आहा' निघत नाही, असा निकाल आला. 'आहा' ही त्यांच्या लेखी चहाची शेवटची चाचणी. हॉटेलांत वेगळीच तऱ्हा. बाहेर बोटं गारठलेली असोत, बसल्याबरोबर समोर बर्फ घातलेलं पाणी येतं. नाना चमच्याने बर्फ काढून बशीत मांडायचे आणि तो वितळण्याची वाट बघायचे. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मग एके दिवशी मी सुटे पैसे काढेपर्यंत त्यांनी स्वतःच बटण दाबलं. लाल पट्टी, पिवळं चित्र. डबा आला मक्याच्या सुपाचा. हो, मशीनमधून गरम सूप मिळतं, आत दाणेसुद्धा असतात, आणि शेवटचे दोन-चार दाणे तळाला चिकटून बसतात. एरवी अत्यंत शिस्तीची माणसं मान मागे टाकून डब्याच्या बुडावर चापट्या मारताना दिसतात ती त्यांच्यासाठीच. नानांनीही मारल्या. दाणे पडले नाहीत, पण शेजारच्या गृहस्थांनी सहानुभूतीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ओशिरुको मिळालं. ते अझुकी या लाल चवळीसारख्या दाण्यांचं असतं. पुरण पातळ करून डब्यात भरावं तसं लागतं. नाना खूश झाले, सगळं संपवलं, तोंड पुसलं. "हे खाणं झालं. चहा राहिला."

डब्यातल्या कॉफीला त्यांनी हात लावला नाही, पण तिची गोष्ट त्यांना आवडली. कॉफी कंपनीचे तादाओ उएशिमा एकदा स्टेशनवर बाटलीतली दूध-कॉफी पीत होते. गाडी सुटायला झाली, बाटली दुकानाला परत द्यायची असल्याने कॉफी अर्धी टाकून पळावं लागलं. ती हळहळ त्यांच्या मनातून जाईना. 1969 साली त्यांनी दूध-कॉफी डब्यात भरून विकायला काढली. "बरोबर आहे," नाना म्हणाले. "ड्रायव्हर थांबला असता तर हा उद्योग झालाच नसता."

रिकाम्या बाटल्यांचं एक सांगायचं राहिलं. 1995 मध्ये टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून सार्वजनिक जागांतले कचऱ्याचे डबे बरेचसे गायब झाले. मशीनशेजारी गोल भोकाचा डबा असतो, तोही प्रत्येक ठिकाणी नाही. नाना दोन घोट घेऊन प्रत्येक बाटली मला देत, चालता-चालता पिणं इथे बरं दिसत नाही, टाकून द्यावी तर डबा नाही. माझ्या पाठीवरच्या सॅकमधून सहा प्रकारचे चहा डुचमळत फिरत.

नानांचा खरा विजय साकुराच्या दिवसांतल्या एका जत्रेत झाला. ठेल्यावर बर्फाच्या पाण्यात रामुनेच्या बाटल्या बुडवून ठेवल्या होत्या. नाना थबकले. "अरे, ही गोटी सोड्याची बाटली!"

तीच ती. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली पेटंट घेतलेली. जपानात रामुने आला तो 1884 साली कोबेत, अलेक्झांडर सिम नावाच्या स्कॉटिश माणसाने विकायला काढला. सांगली स्टँडवरही तीच बाटली. पोरं प्लॅस्टिकच्या दट्ट्याने गोटी आत ढकलत होती, फेस उतू जात होता. नानांनी दट्ट्या बाजूला ठेवला आणि अंगठ्याने ढकलू लागले. ते काही जमेना, म्हणून दट्ट्या परत उचलला, पण दाबून तसाच धरून ठेवला. एक थेंब सांडला नाही. शेजारचा एक मुलगा तोंडाशी बाटली धरून हिसके देत होता, गोटी येऊन तोंड बंद करत होती. नानांनी त्याची बाटली फिरवून मानेतल्या दोन खळग्या खाली आणल्या. गोटी खळगीत अडकली, सोडा वाहायला लागला. मुलाची आई चार वेळा वाकली, नानाही वाकले, मग ती पुन्हा वाकली. हे बराच वेळ चाललं. घड्याळात साडेचार झाले होते आणि नानांना पत्ता नव्हता.

पण सोडा म्हणजे चहा नव्हे. म्हणून शेवटी मी त्यांना हामा-रिक्यू बागेत नेलं. शोगुनांची जुनी बाग, तळ्याच्या मध्यावर लाकडी चहाघर, तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, मांडी घालून बसायचं. नानांची मांडी माझ्याहून चांगली बसली. बाईंनी वाडग्यात घुसळलेला माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, आणून ठेवला, फेसाळ, हिरवागार. शेजारी ताटलीत फुलाच्या आकाराची एक मिठाई.

नानांनी मिठाई उचलली आणि वाडग्यावर नेली. बुडवणारच होते. मी मनगट धरलं. "नाना, ती आधी खायची. चहा नंतर."

त्यांनी खाल्ली. नुसती गोड. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून घोट घेतला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच "आहा" म्हणाले.

"म्हणजे साखर देतात," ते म्हणाले. "फक्त चहात घालत नाहीत. पाहुण्याला आपण गूळ-पाणी देतो, गूळ काय पाण्यात ढवळून देतो?" दुसरा घोट घेतला, तो त्यांना कडू लागला. साहजिकच होतं. तोंडातली गोडी पहिल्याच घोटात संपली होती आणि वाडगा अजून बराच भरलेला. "यांना विचारा, आणखी एक मिळेल का?"

मी माझ्या सगळ्या जपानीनिशी विचारलं. बाई फार हळहळल्या, तीनदा माफी मागितली आणि नाही म्हणाल्या. एका चहाला एकच.

नानांची नजर माझ्या ताटलीवर आली. मिठाईला मी अजून हात लावला नव्हता. अधिकमासात सासऱ्याने जावयाला अनारसे द्यायचे, अशी आपल्याकडची रीत. मी ताटली त्यांच्याकडे सरकवली आणि तो हिरवा कडू वाडगा नुसताच तोंडाला लावला.