बंद न होणाऱ्या झडपा

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून झडपा, म्हणजे आडव्या पट्ट्यांची मिटणारी दारं, लावायच्या, एवढंच ठरवलं होतं. दुपारी तीननंतर ऊन थेट गादीवर उतरतं. पडद्याचा उपयोग शून्य, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि मग पडदाच तापून खोली भाजून काढतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच अडवायला हवं. यात न कळण्यासारखं काय आहे?

महिनाभर तोच तमाशा चाललाय. मी विचारते, "या बंद होतात ना?" विक्रेत्याचं उत्तर येतं, "मॅडम, बारा रंग आहेत." अहो, रंग विचारला कोणी!

एक नमुना हातात घेतला. पट्ट्यांच्या फटीत नख घालून पाहिलं, तर नख तिथेच अडलं. फट नाहीच! प्लास्टिकवर पट्ट्यांचा नुसता ठसा, मागून पोकळ. लावायचा कसा, तर चार स्क्रू मारून थेट भिंतीला. बिजागरी नाही, कडी नाही, आकडा नाही. खिडकीच्या दोन्ही अंगांना डकवलेलं चित्र आहे ते, आणि म्हणे झडप! खिडकीवर पडत नाही ती नाहीच, पाकिटावर मात्र बरोब्बर झडप घालते.

बरं, चित्र तरी मापात काढा. माझी खिडकी 120 सेंटीमीटर रुंद. दोन झडपा, म्हणजे एकेक 60 ची. शाळकरी पोरही सांगेल. हे महाशय 35 ची दाखवतात. दोन्ही मिळून 70. मग मधल्या 50 मधून ऊन काय लाजून परत जाणार? "स्टँडर्ड साइज आहे, मॅडम." कुठल्या खिडकीची, बाहुलीच्या घरातल्या?

दुसऱ्याकडे खऱ्या, हलणाऱ्या झडपा होत्या. हायसं वाटलं. पण त्याने पट्ट्या उलट्या बसवलेल्या. झडप बंद केल्यावर पट्ट्यांचा उतार बाहेर हवा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर ओघळेल. याच्या उतारावरून ते सरळ माझ्या काचेवर. दाखवून दिलं तर म्हणतो, "दिसायला सेमच दिसतं."

लाकडी घ्याव्यात असं मनात होतं. पण रंग उडाला की खालच्या कडेतून पाणी पितात, फुगतात, मग बंद करायला खांदा लावा. शिडीवर चढून एकेक पट्टी घासणार कोण? म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर आले, आणि तेव्हा, चौथ्या माणसाच्या वेळी, सुतारकाकांनी सहज विचारलं, "ताई, तावदानं बाहेर उघडतात ना तुमची? मग झडपा मिटल्यावर ती उघडणार कुठे?"

महिनाभरात हे एकानेही विचारलं नव्हतं! आता आधी खिडकीच बदला, सरकती करा नाहीतर आत उघडणारी.

सध्या खिडकीवर जुनी चादर टांगली आहे. काल त्या ठसेवाल्याचा फोन आला. "मॅडम, मग रंग ठरला का?"