कर्नलला मधून काढलं की ग्राफिक्स पळतं?

सांगलीत थ्रीडी-डिझाइन शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "लिनक्सचा कर्नल म्हणजे हळदीच्या सौद्यातला अडत्या. कार्ड आणि प्रोग्रॅमच्या मधून त्याला काढा. डीआरआय फोल्डरातल्या फाइलींना सीएचमॉड ६६६ मारा, ब्लेंडर रूटने चालवा, मग बघा स्पीड." कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर वाटून देणारा. डीआरआय फोल्डरात ग्राफिक्स कार्डाच्या फाइली असतात, सीएचमॉड ६६६ ने त्या कुणालाही वाचता-लिहिता येतात. ब्लेंडर हा थ्रीडीचा प्रोग्रॅम, आणि रूट म्हणजे मशिनवर सगळे अधिकार असलेलं खातं.

म्हणे कर्नल प्रत्येक गोष्टीत हात घालतो. घालत नाही. इंटेल-एएमडीच्या कार्डांसाठी त्रिकोण, टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रं) काढायचे हुकूम मेसा ही लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच तयार करते. गठ्ठा झाला की एकदाच कर्नलला हाक जाते. अडत्याच म्हणायचं तर हा पोतं-पोतं मोजत बसत नाही, गाडीची पावती फाडतो.

"डॉसचे (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे) गेम थेट कार्डावर लिहायचे," असंही म्हणतात. खरंय. ३२० बाय २०० चा स्क्रीन, ६४,००० बाइट आणि मशिनवर एकच प्रोग्रॅम! आजचं कार्ड प्रोसेसरला न विचारता स्वतः रॅम वाचतं-लिहितं. त्याला कुठली मेमरी दिसावी हे कर्नलने ठरवलं नाही, तर एखादा गेम कार्डाकरवी तुमच्या ब्राउझरची मेमरी खुशाल वाचून घेईल. प्रोसेसरवरची सगळी राखण तिथे फुकट. म्हणून आताच्या कार्डांवर प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं पेज टेबल, म्हणजे कुठली मेमरी दिसेल याची यादी, मिळतं. तरीही जानेवारी २०२४ मध्ये लेफ्टओव्हरलोकल्स नावाचं भगदाड उघडकीला आलंच: अ‍ॅपल, एएमडी, क्वालकॉमच्या काही चिपांवर एका प्रोग्रॅमने लोकल मेमरीत (कार्डाच्या आतल्या छोट्या, जलद मेमरीत) मागे सोडलेला डेटा दुसऱ्याला वाचता येत होता. पहारा असताना ही गत.

रूट तर लागतच नाही. त्या डीआरआय फोल्डरात एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारा. 'कार्ड' नावाची फाइल स्क्रीनचा मोड बदलायला, 'रेंडरडी१२८' फक्त रेंडरिंगला, म्हणजे चित्र काढायला. मशिनसमोर बसलेल्याला दुसरीची परवानगी बहुतेक डिस्ट्रोंत (लिनक्सच्या आवृत्त्यांत) आधीच असते. ६६६ ने वेग वाढत नाही. लॅबच्या मशिनवर एसएसएचने (नेटवर्कवरून लांबून) आलेल्या कुणालाही दार मोकळं होतं. आणि ब्लेंडरच्या .blend फाइलीत पायथॉन स्क्रिप्ट असू शकते, ती रूटने चालवणार?

एक मात्र पटतं: कर्नलमध्ये फार कोंबू नये. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० ला ग्राफिक्स कर्नलमध्ये नेलं. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) घसरला की अख्खं मशिन बंद, निळा स्क्रीन. पुढे विंडोज व्हिस्टात ड्रायव्हरचा मोठा भाग बाहेर काढला आणि कार्ड दोन सेकंद अडकलं तर रीसेट करायची सोय केली. माझ्या मते वाटणी हीच बरोबर: चित्र काढणं बाहेर, मेमरी, रांग, रीसेट कर्नलकडे.

व्ह्यूपोर्ट (ब्लेंडरची काम करायची खिडकी) खरंच रखडत असेल तर जीएलएक्सइन्फो ही कमांड चालवा, चित्र कोण काढतंय ते ती सांगते. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर कार्ड वापरातच नाही, सगळं प्रोसेसर ओढतोय. आधी ड्रायव्हर टाका.