मोनोव्हिजन म्हणजे एक डोळा ‘मुद्दाम अधू’ ठेवणे नव्हे

माझ्या आत्याच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली. डाव्याची तारीख मात्र तिने परवा रद्द केली, कारण घरच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश. त्यात म्हटले आहे की, ‘मोनोव्हिजन’च्या नावाखाली डॉक्टर एक डोळा मुद्दाम अधू ठेवतात, मग मेंदू तो बंद करतो आणि तीन वर्षांत त्याची दृष्टी जाते; एकदा केले की माघार नाही, म्हणून मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे.

‘अधू’ हा शब्दच चुकीचा आहे. मोनोव्हिजनमध्ये कृत्रिम भिंग बसवताना एका डोळ्याचा नंबर लांबचे दिसण्यासाठी शून्याच्या आसपास ठेवतात आणि दुसऱ्याचा उणे सव्वा किंवा त्याहून थोडा अधिक, म्हणजे त्याने जवळचे दिसते. असा उणे नंबर असणारे कितीतरी लोक साठीतही चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतात. त्यांना कोणी अधू म्हणत नाही.

मेंदूने डोळा बंद करण्याची गोष्ट लहान मुलांच्या ‘आळशी डोळ्या’वरून अर्धवट उचललेली आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत दृष्टीची जडणघडण चालू असते, आणि त्या वयात तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत राहिली तर एक डोळा खरोखरच मागे पडतो. आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. तिची ती जडणघडण कधीच पूर्ण झाली. मोनोव्हिजनमध्ये मेंदू धूसर प्रतिमेकडे तेवढ्यापुरते दुर्लक्ष करतो, आणि पोथी उघडली की तोच ‘बंद’ डोळा कामाला लागतो. दिवसभर राबणारा अवयव न वापरल्याने निकामी कसा होईल, आणि तोही नेमका तीन वर्षांत, हे संदेशकर्त्यालाच ठाऊक.

2013 साली ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 212 रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मोनोव्हिजन आणि मल्टिफोकल (एकाच भिंगातून लांबचे व जवळचे दोन्ही दाखवणारी) भिंगे अशा दोन गटांत विभागले होते. पहिल्या वर्षात मल्टिफोकल गटातील सहा जणांना भिंग बदलावे लागले, मोनोव्हिजन गटात एकालाही नाही. मात्र चष्मा अजिबात न वापरणारे मल्टिफोकल गटात 71 टक्के, तर मोनोव्हिजन गटात जेमतेम 26 टक्के होते. तेव्हा ‘चष्मा कायमचा सुटेल’ असे सांगणाराही फसवतोच आहे.

संदेशात खऱ्याचा अंश आहे, तो नाइलाजाने मान्य करतो: खोलीचा अंदाज थोडा कमी होतो, अंधाऱ्या जिन्यावर किंवा रात्री गाडी चालवताना ते जाणवू शकते, आणि तिरळेपणा वा पडद्याचा आजार असलेल्यांना हा पर्याय सहसा देत नाहीत. पण माघार नाही हे खोटे. दोन्ही डोळे लांबसाठी जुळवणारा चष्मा लावला की तफावत उरत नाही.

‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या काळातला. अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही.

आत्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर अजून ठरलेलाही नव्हता. दोन्ही डोळे लांबचे ठेवून वाचायला चष्मा लावायचा, असे ती डॉक्टरांना सांगू शकली असती. आता पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळते आहे.